रूट कॅनॉल उपचार : प्रक्रिया, खर्च आणि समाजाचा वाटा

दंतविभागाच्या नोंदणी खिडकीवर वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न असा असतो : “दात काढायला काहीशे रुपये आणि तोच दात ठेवायला काही हजार रुपये, हे कसे?” देणगीदारांच्या मनातही एक प्रश्न असतो, मात्र तो बहुधा सौम्य शब्दांत मांडला जातो. हृदयरोग, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग अशी मोठी दुखणी असताना दातासारख्या गोष्टीसाठी वेगळा निधी कशासाठी? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. धर्मादाय संस्थेत जमा होणारा प्रत्येक रुपया कोणीतरी विश्वासाने सोपविलेला असतो. तो कोठे व कशासाठी खर्च होतो हे समजून घेण्याचा अधिकार देणाऱ्यालाही आहे आणि ज्याच्यासाठी तो खर्च होतो त्या रुग्णालाही आहे. त्या अधिकाराचा मान राखून रूट कॅनॉल उपचाराची प्रक्रिया आणि तिचा हिशेब या लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय क्षेत्रातील नसून हिशेबाच्या क्षेत्रातील आहे. त्यामुळे वैद्यकीय भाग शक्य तितक्या साध्या शब्दांत मांडला असून खर्चाचा भाग थोडा विस्ताराने दिला आहे.

दाताची रचना आणि दुखण्याचे मूळ

आरशात दिसणारा दात हा संपूर्ण दाताचा केवळ वरचा भाग होय. त्याची मुळे जबड्याच्या हाडात रुतलेली असतात. दाताचे सर्वांत बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याखाली डेंटिनचा थर असतो आणि त्याच्याही आत एक लहानशी पोकळी असते. या पोकळीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू व मऊ पेशीजाल असते. यालाच दंतमज्जा म्हणतात. बोलण्यात आपण जिला ‘दाताची नस’ म्हणतो ती हीच. ही पोकळी अरुंद नलिकांच्या रूपाने मुळांच्या टोकापर्यंत गेलेली असते. या नलिका म्हणजेच ‘रूट कॅनॉल’.

समोरच्या दातात बहुधा एकच नलिका असते. दाढांची गोष्ट निराळी आहे. वरच्या पहिल्या दाढेला सामान्यतः तीन मुळे व तीन किंवा चार नलिका असतात, तर खालच्या दाढेला दोन मुळे असूनही नलिका तीन किंवा चार आढळतात. समोरच्या दाताचा आकार कमी आणि दाढेचा अधिक का, याचे पहिले उत्तर येथेच मिळते. काम दातांच्या संख्येवर ठरत नसून नलिकांच्या संख्येवर व त्यांच्या वळणांवर ठरते.

कीड इनॅमलपुरती मर्यादित असेपर्यंत दात दुखत नाही. ती डेंटिनमध्ये शिरली की थंड व गोड पदार्थांनी कळ येऊ लागते. या टप्प्यावर कीड काढून सिमेंट भरले तर काम भागते आणि खर्चही थोडा येतो. परंतु कळ अधूनमधून येते म्हणून दुर्लक्ष केले जाते. पुढे जंतू दंतमज्जेपर्यंत पोहोचतात आणि तिला सूज येते. शरीरात अन्यत्र सूज आली तर तिला पसरावयास जागा असते. दाताच्या कठीण भिंतींत अशी जागा नसते. म्हणून हा ठणका असह्य होतो, गरम पदार्थाने वाढतो आणि रात्री आडवे झाल्यावर झोपू देत नाही.

यानंतर पुष्कळदा दुखणे अचानक थांबते. रुग्णास व नातेवाइकांस वाटते की गुण आला. वस्तुस्थिती उलट असते. दंतमज्जा मृत झाल्यामुळे वेदना थांबलेली असते, जंतू मात्र नलिकांतून मुळाच्या टोकाकडे सरकत असतात. काही काळाने तेथे पू साठतो, हिरडीवर फोड येतो किंवा गाल सुजतो.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. लवंगेच्या तेलाने काही वेळ आराम पडतो, पण कीड जात नाही. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवल्यास तेथील नाजूक त्वचा भाजते. ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दातदुखीवर मिशेरी लावण्याची सवय आजही आढळते. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात बरा होत नाही, मात्र तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांनीही दंतमज्जेचा दाह बरा होत नाही. पसरणारी सूज किंवा ताप असेल तेव्हाच डॉक्टर त्या देतात, आणि तेव्हाही त्या मूळ उपचाराला पूरक म्हणूनच असतात.

एक सूचना प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी. दातदुखीबरोबर हनुवटीखाली किंवा जिभेखाली सूज आली, तोंड उघडेनासे झाले, गिळण्यास अथवा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णास तातडीच्या विभागात आणावे. दाताचा जंतुसंसर्ग मानेत उतरून श्वासमार्ग बंद होऊ शकतो आणि जिवावर बेतू शकते.

उपचाराचे टप्पे

प्रथम निदान केले जाते. कोणता दात दुखतो हे रुग्णाला पुष्कळदा नेमके सांगता येत नाही, कारण वेदना शेजारच्या दातांत व कानापर्यंत जाणवते. डॉक्टर थंडाची चाचणी घेतात, दातावर हलकेच ठोकून पाहतात आणि दाताचे क्ष-किरण चित्र काढतात. मुळाभोवतीच्या हाडाची स्थिती त्यात कळते. दात वाचविण्याजोगा आहे किंवा नाही याचा निर्णय येथे होतो. मूळ उभे तडकले असेल, हाडाचा आधार फारच गेला असेल किंवा कॅप बसविण्याइतका दात शिल्लक नसेल, तर दात काढण्याचाच सल्ला दिला जातो. जो दात टिकणार नाही त्यावर रुग्णाचा पैसा खर्च करावयाचा नाही, हाही धर्मादाय सेवेचा भागच आहे.

दुसरा टप्पा भूल देण्याचा. दातापुरती भूल दिल्यानंतर बहुतेक रुग्णांना उपचारात वेदना होत नाहीत. ‘रूट कॅनॉल फार दुखते’ ही समजूत मुख्यतः उपचारापूर्वीच्या ठणक्यामुळे रूढ झाली आहे. त्यानंतर दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसविण्यात येतो. याला रबर डॅम म्हणतात आणि तो १८६४ पासून दंतवैद्यकात वापरात आहे. लाळेतील जंतू दातात जाऊ नयेत आणि बारीक उपकरणे किंवा औषधे घशात जाऊ नयेत, असा त्याचा दुहेरी उपयोग आहे.

तिसऱ्या टप्प्यात दाताच्या वरच्या बाजूने छिद्र करून नलिकांची तोंडे शोधली जातात. प्रत्येक नलिकेची लांबी मोजावी लागते. उपकरण टोकाच्या अलीकडे थांबले तर जंतू मागे राहतात आणि पलीकडे गेले तर हाडाला इजा होते. ही मोजणी क्ष-किरण चित्रावरून व ‘एपेक्स लोकेटर’ या विद्युत्‌ उपकरणाने केली जाते.

चौथा टप्पा सफाईचा आणि तोच सर्वांत वेळखाऊ. केसासारख्या बारीक कानशींनी, म्हणजेच फाइल्सनी, नलिका आतून घासून रुंद केल्या जातात. पूर्वी या फाइल्स केवळ पोलादाच्या असत. निकेल-टायटॅनियम या लवचिक मिश्रधातूचा वापर सुरू झाल्यापासून वाकड्या नलिकांचे काम अधिक सुरक्षित झाले आहे. या फाइल्स महाग असतात आणि त्यांचे आयुष्यही मर्यादित असते. वाजवीपेक्षा अधिक वेळा वापरलेली फाइल नलिकेतच तुटण्याचा धोका असतो. घासण्याबरोबर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने नलिका पुनःपुन्हा धुतल्या जातात, कारण फाइल जेथे पोहोचत नाही तेथे केवळ द्रावणच पोहोचू शकते. संसर्ग अधिक असल्यास आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे औषध भरून तात्पुरते सिमेंट लावण्यात येते व रुग्णास पुन्हा बोलाविले जाते. त्यामुळे काही दात एकाच बैठकीत पूर्ण होतात, तर काहींना दोन-तीन बैठका लागतात. बैठका अधिक झाल्या म्हणजे डॉक्टरांनी काम लांबविले असे समजण्याचे कारण नाही.

पाचव्या टप्प्यात स्वच्छ व कोरड्या झालेल्या नलिका गटापर्चाने भरून बंद केल्या जातात. गटापर्चा हा आग्नेय आशियातील एका वृक्षाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ आहे. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांवर याच पदार्थाचे आवरण असे. पाण्याला दाद न देणारा, शरीराला न बाधणारा आणि गरज पडल्यास परत काढता येणारा, या गुणांमुळे तो आजही उपयोगात आहे. शेवटी पुन्हा क्ष-किरण चित्र काढून नलिका टोकापर्यंत भरल्याची खात्री केली जाते व वरचे छिद्र कायमस्वरूपी सिमेंटने बंद केले जाते.

उपचारानंतर दोन-चार दिवस चावताना थोडे दुखणे स्वाभाविक आहे. सूज आली, ताप आला किंवा दुखणे वाढत गेले तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे.

कॅप ही चैन नव्हे

नलिका भरल्या की दुखणे थांबते, आणि येथेच पुष्कळ रुग्ण उपचार सोडतात. किडीमुळे आणि छिद्र केल्यामुळे दाढ आतून पोकळ झालेली असते. चावताना पडणाऱ्या भाराने ती केव्हाही दुभंगू शकते. सुपारी, चिक्की किंवा भाकरीतील खडा एवढे निमित्त पुरेसे होते. मूळ उभे चिरले की तो दात काढण्यावाचून उपाय उरत नाही आणि झालेला सर्व खर्च वाया जातो.

याविषयी एक आकडा उद्बोधक आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनॉल झालेल्या १४ लाखांहून अधिक दातांची विमा-नोंदींवरून पाहणी करण्यात आली. आठ वर्षांनंतर त्यांपैकी सुमारे ९७ टक्के दात रुग्णांच्या तोंडात टिकून होते. जे काढावे लागले, त्यांपैकी सुमारे ८५ टक्के दातांवर पूर्ण आच्छादन, म्हणजे कॅप, नव्हती. हा उपचार टिकाऊ आहे हे पहिल्या आकड्यावरून दिसते. तो कोठे फसतो हे दुसरा आकडा दाखवितो. समोरच्या दातांत फारशी झीज नसेल तर कॅपशिवायही भागते. दाढांच्या बाबतीत मात्र कॅपचा खर्च हा उपचाराचाच भाग समजून आरंभीच विचारात घ्यावा.

कॅप कोणत्या पदार्थाची घ्यावी याविषयी रुग्णांना संकोच वाटतो. धातूची कॅप दिसावयास दाताच्या रंगाची नसते, परंतु मागच्या दाढेसाठी ती मजबूत असते आणि तिचा खर्चही कमी असतो. धातूवर सिरॅमिकचा थर असलेली कॅप त्याहून महाग, तर झिर्कोनियाची आणखी महाग असते. स्वस्त कॅप म्हणजे कमी प्रतीचा उपचार असे नाही. मागच्या दाढेस धातूची कॅप निवडणाऱ्या रुग्णाने कमीपणा मानू नये.

खर्चाचा हिशेब

शहरांतील खासगी दवाखान्यांत दाढेच्या रूट कॅनॉलसाठी साधारणतः तीन-चार हजारांपासून दहा हजार रुपयांपर्यंत आकार सांगितला जातो. कॅपचा आकार पदार्थानुसार दोन-अडीच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत जातो. यांतील किती रक्कम खर्चाची असते हे समजण्यासाठी खर्चाचे दोन भाग करावे लागतात.

पहिला भाग स्थिर खर्चाचा. रुग्ण आला काय आणि न आला काय, हा खर्च होतच राहतो. डॉक्टर, परिचारिका व साहाय्यक यांचे वेतन, दंतखुर्ची, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र व ऑटोक्लेव्ह यांचा घसारा आणि दुरुस्ती, जागा, वीज व पाणी ही सर्व त्यातील कलमे होत. क्ष-किरण यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करावयाची नोंदणी आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार लावावयाची विल्हेवाट यांचाही खर्च त्यात धरावा लागतो. नलिकांच्या उपचाराचे विशेषज्ञ हे पदवीनंतर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असतात, हेही येथे ध्यानी घ्यावे.

दुसरा भाग चल खर्चाचा. भुलीचे इंजेक्शन, फाइल्स, गटापर्चा, द्रावणे, हातमोजे, रबर डॅम, सिमेंट आणि कॅप तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे बिल ही त्यातील कलमे. यात आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. रुग्णालयाची उपचार-सेवा वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, ही चांगलीच गोष्ट होय. परंतु सेवा करमुक्त असल्यामुळे साहित्य खरेदी करताना भरलेला कर आपणास वजावट म्हणून परत मिळत नाही. तो खर्चातच मिळतो.

पुढील उदाहरणातील आकडे केवळ समजण्याच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत. एका दंतखुर्चीचा मासिक स्थिर खर्च १,५०,००० रुपये आहे आणि ती महिन्यातून २५ दिवस, रोज ६ तास वापरली जाते असे समजू. म्हणजे १५० तास झाले आणि एका तासाचा खर्च १,००० रुपये आला. दात काढण्यास अर्धा तास लागला तर ५०० रुपये आणि साहित्याचे १०० असे ६०० रुपये होतात. दाढेच्या रूट कॅनॉलला सर्व बैठका मिळून अडीच तास लागले तर २,५०० रुपये आणि साहित्याचे १,००० असे ३,५०० रुपये होतात. कॅपच्या कामास एक तास, म्हणजे १,००० रुपये, आणि प्रयोगशाळेचे बिल १,५०० रुपये असे २,५०० रुपये. एकूण ६,००० रुपये. दात काढणे आणि वाचविणे यांतील दहापट तफावतीचे स्पष्टीकरण हे असे आहे. तफावत मुख्यतः वेळेची आहे.

आता यातीलच एक बाजू पाहू. वेळ घेऊनही रुग्ण न आल्यामुळे खुर्ची महिन्यात १५० ऐवजी १२० तासच वापरली गेली, तर तासाचा खर्च १,२५० रुपये होतो. वरील उपचाराच्या साडेतीन तासांवर ८७५ रुपयांची वाढ होते आणि ६,००० चे ६,८७५ रुपये होतात. म्हणून रुग्णांनी व नातेवाइकांनी दिलेल्या वेळेस यावे, येणे शक्य नसल्यास आदल्या दिवशी कळवावे, ही विनंती आम्ही आग्रहाने करतो. रिकामी राहिलेली खुर्ची दुसऱ्या एखाद्या गरजू रुग्णाची सवलत खाऊन टाकते.

दात काढणे खरोखर स्वस्त पडते काय?

वरचे आकडे पाहून दात काढणेच शहाणपणाचे असे वाटणे साहजिक आहे. अक्कलदाढेच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही असते. परंतु चावण्याच्या दाढेच्या जागी काही न बसविल्यास शेजारचे दात त्या पोकळीत कलतात, समोरच्या जबड्यातील दाढ खाली किंवा वर सरकते, त्या बाजूने चावणे बंद होते आणि अन्न अडकून आणखी दात किडतात. जागा भरावयाची ठरविल्यास शेजारच्या दोन दातांना घासून तीन दातांचा ब्रिज बसवावा लागतो. वरच्याच कल्पित दराने प्रयोगशाळेच्या तीन कॅपचे ४,५००, दोन तासांचे २,००० आणि दात काढण्याचे ६०० असे ७,१०० रुपये होतात, आणि दोन निरोगी दात घासले जातात ते वेगळेच. इम्प्लांट बसविणे त्याहूनही खर्चाचे आहे. म्हणजे दात काढणे स्वस्त पडते ते पुढे काहीही न करणाऱ्यालाच, आणि त्याची किंमत तो पुढील आयुष्यात दररोजच्या जेवणातून चुकती करतो.

काही रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न पैशांपलीकडे जातो. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या रुग्णाच्या जबड्याच्या हाडाची भरून येण्याची शक्ती कमी झालेली असते. अशा रुग्णाचा दात काढल्यास जखम भरून न येता हाड कुजण्याची भीती असते. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांचाही असाच परिणाम होऊ शकतो. या रुग्णांसाठी शक्य तेथे दात न काढता रूट कॅनॉल करणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. तंबाखूमुळे आपल्या राज्यात मुखकर्करोगाचे रुग्ण किती आढळतात हे सर्वज्ञात आहे. ज्या देणगीदारांना कर्करोगाच्या रुग्णांसाठी काही करावेसे वाटते, त्यांनी ही बाब अवश्य ध्यानात घ्यावी.

मुलांविषयीही सांगणे आवश्यक आहे. पहिली कायमची दाढ सुमारे सहाव्या वर्षी येते. कोणताही दुधाचा दात न पडता ती मागच्या बाजूस उगवते. त्यामुळे ती दुधाचीच आहे असे समजून पालक निर्धास्त राहतात. ही दाढ किडली आणि बाराव्या-तेराव्या वर्षी काढावी लागली, तर त्या मुलास पुढचे संपूर्ण आयुष्य तिच्याविना काढावे लागते.

सवलत कोणास, कशी आणि कोठवर

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये अमलात आलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवण्यात येतात. त्यासाठी अन्य रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी सुधारित करते. ती रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर पाहावी आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका सोबत आणावी.

परंतु योजनेची ही रचना मुख्यतः खाटांभोवती झाली आहे. रूट कॅनॉलचा रुग्ण खाटेवर झोपत नाही, तो बाह्यरुग्ण म्हणून येतो व उपचार घेऊन घरी जातो. सर्वसाधारण आरोग्य विम्यातही, अपघाताचा अपवाद वगळता, असे बाह्यरुग्ण दंतोपचार सहसा समाविष्ट नसतात. परिणामी ज्याच्यापाशी ना विमा ना शिल्लक, अशा रोजंदारीवरील मनुष्यापुढे दात काढून घेणे हा एकच मार्ग उरतो. दात वाचविता येण्याजोगा असतो, डॉक्टर उपलब्ध असतात, साहित्यही असते आणि तरीही तो काढावा लागतो. ही उणीव भरून काढण्यासाठीच दंतविभागाचा साहाय्य निधी वेगळा ठेवण्यात येतो.

या निधीच्या विनियोगात एक कठीण निवड करावी लागते आणि ती देणगीदारांपुढे स्पष्टपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. उपलब्ध रकमेतून प्रत्येकास थोडी थोडी सवलत दिली तर लाभार्थींची संख्या मोठी दिसते आणि अहवालातही ती शोभून दिसते. परंतु रूट कॅनॉलपुरती मदत मिळून कॅपसाठी पैसे न उरलेल्या रुग्णाची दाढ पुढे तुटली, तर त्याचाही पैसा गेला आणि आपलाही गेला. म्हणून निदानापासून कॅपपर्यंत संपूर्ण उपचाराचा भार उचलता येईल अशाच रुग्णांस साहाय्य द्यावे, मग संख्या कमी का असेना, हे धोरण आम्ही योग्य मानतो. किरणोपचार झालेले रुग्ण, शाळकरी मुले आणि घरातील एकटे कमावते यांना त्यात अग्रक्रम दिला जातो. याचा दुसरा अर्थ असा की, काही गरजू रुग्णांना ‘थांबा’ असे सांगावे लागते, आणि त्यांतील काहींचे दात तोवर थांबत नाहीत.

अशा वेळी पर्याय सांगणे हेही आमचे काम आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईतील नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात हा उपचार खासगी दरांच्या मानाने अल्प खर्चात होतो. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. बैठका अधिक लागतात, प्रतीक्षाही करावी लागते. ज्यांना वेळ देणे शक्य आहे त्यांनी हा मार्ग निःसंकोचपणे स्वीकारावा.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी काही सूचना

उपचार सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात. दात किती वर्षे टिकण्याची शक्यता आहे? बैठका किती लागतील? सांगितलेल्या रकमेत क्ष-किरण चित्रे, सिमेंट व कॅप यांचा समावेश आहे काय? हप्त्यांची सोय आहे काय? हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अवमान होत नाही. उलट अर्धवट सुटणारे उपचार त्यामुळे कमी होतात.

मधुमेह, रक्तदाब, हृदयाच्या झडपांचा विकार, गर्भावस्था, कोणत्याही औषधाची ॲलर्जी, तसेच रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांची माहिती आधीच द्यावी. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. तात्पुरते सिमेंट असेपर्यंत त्या बाजूने कडक पदार्थ चावू नयेत आणि ते पडल्यास ताबडतोब दाखवावे. प्रत्येक रकमेची पावती मागून घ्यावी व क्ष-किरण चित्रे जपून ठेवावीत. कॅप बसविल्यानंतरही दात किडू शकतो. म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत आणि वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

समारोप

दाताचे दुखणे जिवावर बेतणारे नसते असा समज आहे आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण ज्या माणसाला रात्रभर झोप नाही, ज्याला भाकरी चावता येत नाही आणि ज्याचा रोज कामावर न गेल्याने बुडतो, त्याच्यासाठी ते दुखणे लहान नसते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या देणगीचे मोल आहेच. त्याच्या शेजारी एका दाढेच्या संपूर्ण उपचाराचा खर्च उचलणारी देणगी रकमेने लहान असली तरी तिचा उपयोग दररोज दोन वेळा, प्रत्येक घासाबरोबर होत असतो.

ज्या देणगीदारांना एका रुग्णाच्या किंवा अधिक रुग्णांच्या निदानापासून कॅपपर्यंतच्या उपचाराचा भार स्वीकारावयाचा असेल, त्यांनी देणगी देताना ‘दंतविभाग साहाय्य निधी’ असा स्पष्ट उल्लेख करावा. म्हणजे ती रक्कम त्याच कारणासाठी खर्ची पडेल व तिचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवता येईल. विश्वस्त मंडळाचे मार्गदर्शन, डॉक्टर व कर्मचारी यांचे परिश्रम आणि समाजाचा विश्वास यांवरच हे काम उभे आहे. तो विश्वास हिशेबाच्या प्रत्येक ओळीत जपला जाईल, ही ग्वाही देतो.

— व्यवस्थापक